मिडलवेटच्या पहिल्या दहात डिक टायगर? माझं मत: नाही

हिशेबनीस (मूळ धागा)

मुष्टियुद्धात सर्वकालीन मिडलवेटच्या (१६० पौंडांपर्यंतच्या गटातल्या लढवय्यांच्या) याद्या निघाल्या की ग्रेब, रॉबिन्सन, मॉन्झोन, हॅगलर ही वरची मंडळी ठरलेली असतात, आणि खाली आठव्या ते दहाव्या क्रमांकांत कुठेतरी नायजेरियाचा डिक टायगर हमखास येऊन बसतो. तो तिथे का बसतो, हे कुणी विचारत नाही. मी विचारतोय.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव रिचर्ड इहेतू. जन्म १४ ऑगस्ट १९२९, गाव अमाइग्बो, आग्नेय नायजेरिया. जातीचा इग्बो, कर्मभूमी आबा शहर. १९५२ पासून व्यावसायिक. १९५५ च्या अखेरीस लिव्हरपूलला गेला, १९५९ मध्ये अमेरिकेत. मिडलवेटचा विश्वविजेता दोनदा (१९६२ आणि १९६५), लाइट हेवीवेटचा एकदा (१९६६). शेवटची लढत जुलै १९७०. १४ डिसेंबर १९७१ रोजी आबात यकृताच्या कर्करोगाने गेला, वय ४२.

आता हिशेब. एकूण लढती ८२. विजय ६०, त्यातले नॉकआउट २७. पराभव १९, बरोबरी ३. म्हणजे साधारण दर चार लढतींमागे एक हार. ही सरासरी पहिल्या दहातल्या माणसाची नव्हे.

पण तेही सोडा. माझा खरा मुद्दा बचावांचा, म्हणजे विजेतेपद राखण्यासाठी लढलेल्या लढतींचा आहे. पहिलं विजेतेपद २३ ऑक्टोबर १९६२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कवर जीन फुलमरकडून घेतलं. फेब्रुवारी १९६३ ला लास व्हेगसमध्ये त्याच फुलमरशी बरोबरी. ऑगस्टला इबादानमध्ये पुन्हा फुलमरच, सात फेऱ्यांनंतर त्याने माघार घेतली. ७ डिसेंबर १९६३ ला जोई जियार्डेलोने पट्टा नेला. दुसरं विजेतेपद ऑक्टोबर १९६५ ला जियार्डेलोकडून परत मिळवलं आणि एप्रिल १९६६ ला पहिल्याच बचावात एमिल ग्रिफिथला देऊन टाकलं. फुलमर वगळता कुणाहीविरुद्ध मिडलवेटचा एकही यशस्वी बचाव नाही. दोन्ही कारकिर्दी मिळून वीस महिनेसुद्धा भरत नाहीत.

यावर उत्तर द्या. ‘काय जिगरबाज माणूस होता’ हे उत्तर नव्हे, ते मलाही मान्य आहे.

---

डावा हूक

हिशेबनीसराव, बेरीज बरोबर आहे, पण कुठल्या रकमा एकत्र केल्या तेही बघा.

१९ पैकी १४ पराभव विश्वविजेता होण्याच्या आधीचे आहेत. उरले पाच, आणि ते चार माणसांकडून: जियार्डेलो, जोई आर्चर, ग्रिफिथ (दोनदा) आणि बॉब फॉस्टर. आर्चर सोडला तर बाकी तिघे हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ज्या याद्यांवर तुम्ही चिडला आहात, त्या करणाऱ्यांनी हे पाच बघितलेत, त्याआधीचे चौदा नव्हे.

दुसरं, वय. फुलमरला हरवलं तेव्हा टायगर ३३ वर्षांचा होता. म्हणजे बहुतेक मिडलवेट ज्या वयात हातमोजे खुंटीला टांगतात, त्या वयात याला पहिली संधी मिळाली. त्यानंतर जियार्डेलो, रुबिन कार्टर, होसे टोरेस दोनदा आणि एकोणचाळिसाव्या वर्षी नीनो बेनवेनुती. ‘द रिंग’ मासिकाचा वर्षातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा हा मान १९६२ आणि १९६५ असा दोन वेळा. हे दुसऱ्या कुठल्या चौतीस-पस्तिशीच्या माणसाचं प्रगतिपुस्तक असतं तर तुम्हीच डोक्यावर घेतलं असतं.

---

नवखी

एक शंका. नायजेरियाचा पहिला विश्वविजेता म्हणून टायगरला जागा दिली जाते का? आणि आबाहून थेट लिव्हरपूलच का? लंडन का नाही?

---

गुणपत्रिका

पहिला टायगर नव्हे. पहिला होगन ‘किड’ बॅसी, कॅलाबारच्या बाजूचा. जून १९५७ मध्ये त्याने पॅरिसला शेरीफ हामियाला दहाव्या फेरीत थांबवून फेदरवेटचं जागतिक विजेतेपद घेतलं. पुढे १९५८ मध्ये विली पेपला नवव्या फेरीत थांबवलं, १९५९ मध्ये डेव्ही मूरकडून हरला. टायगर लिव्हरपूलला उतरला तेव्हा बॅसी तिथे आधीच नाव कमावून बसला होता.

लिव्हरपूलचं कारण बोटी. पश्चिम आफ्रिका ते लिव्हरपूल ही एल्डर डेम्पस्टर कंपनीची नेहमीची वाहतूक होती. त्यामुळे बंदरात पश्चिम आफ्रिकी लोकांची वस्ती होती, खोली मिळायची, बॉक्सिंगच्या तालमी होत्या आणि नायजेरियाहून आलेल्या पोरांना लढती लावून देणारे मॅनेजर होते. लंडनमध्ये हे नव्हतं असं नाही, पण बोट जिथे लागते तिथेच माणूस उतरतो.

आणि त्या चौदांपैकी इंग्लंडमधल्या पराभवांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. इंग्लंडमध्ये तेव्हा गुण देणारा एकच माणूस असायचा: रेफ्री. वेगळे जज नाहीत. लढत संपली की रेफ्री विजेत्याचा हात वर करणार, विषय संपला. बाहेरून आलेला, स्थानिक प्रेक्षक नसलेला आणि रेटत पुढे जाणारा माणूस अशा पद्धतीत मार खातो, कारण जवळून मारलेले छोटे ठोसे रेफ्रीला पाठीमागून दिसत नाहीत, आणि लांबून टाकलेला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) सगळ्या सभागृहाला दिसतो. टायगर इंग्लंडमधल्या पहिल्या चारही लढती हरला. त्यात थंडी, रंगाच्या कारखान्यातली नोकरी आणि उरलेल्या वेळात सराव. चौदाचा आकडा सांगताना हे सांगावं लागतं.

---

हिशेबनीस

रेफ्री एकच होता, मान्य. पण तोच रेफ्री बॅसीलाही होता, आणि बॅसी जिंकत होता. पद्धत सगळ्यांना सारखीच.

---

गुणपत्रिका

बॅसी ते १२६ पौंडांत, चपळ पायांवर. टायगरची शैली वेगळी. म्हणून तर तो शिकला: गुणांवर मिळत नसेल तर रेफ्रीच्या हातात पेन्सिल राहू द्यायची नाही. मे १९५७ मध्ये शोरडिच टाउन हॉलला टेरी डाउन्सला पाच फेऱ्यांत संपवलं. डाउन्सची ती तिसरीच व्यावसायिक लढत होती, आणि हाच डाउन्स चार वर्षांनी पॉल पेंडरला हरवून विश्वविजेता झाला. मार्च १९५८ मध्ये पॅट मॅकॅटियरला लिव्हरपूलमध्ये नवव्या फेरीत नॉकआउट करून एम्पायर (ब्रिटिश साम्राज्याचं) मिडलवेट विजेतेपद. इथून पुढचा टायगर आणि १९५५ चा टायगर एकाच वहीत मांडणं म्हणजे मॅट्रिकचे गुण पदवीच्या टक्क्यांत मिसळणं.

---

खवचट

बोटी, थंडी, रेफ्री, कारखाना. हवामान खात्याचं नाव राहिलं. 🙂

मुद्द्याचं बोला. टायगर सरळ समोर येणाऱ्या माणसाविरुद्ध वाघ आणि बाजूने सरकणाऱ्या माणसाविरुद्ध मांजर. फुलमर समोर येतो: टायगर जिंकला. कार्टर समोर येतो: तीनदा खाली पाडला. फ्लोरेन्टिनो फर्नांडेझ समोर येतो: नाक फोडलं. आणि सरकणारे? जियार्डेलो १९६३, आर्चर १९६४, ग्रिफिथ १९६६. तिघांनीही गुणांवर हरवलं. पहिल्या दहातला माणूस अशा एका प्रश्नावर तीनदा नापास होत नाही.

---

डावा हूक

हा आक्षेप खरा आहे, म्हणून जरा सविस्तर.

टायगरची उंची ५ फूट ८ इंच. हात गालफडाला चिकटलेले, कोपरं बरगड्यांवर, पावलं आखूड. मुख्य हत्यार डावा हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा), आधी पोटात आणि मग तोच वर. हा हूक लागायला माणूस हाताच्या अंतरावर हवा. म्हणजे दर वेळी आधी जॅबच्या पट्ट्यातून आत जायचं आणि मग काम सुरू.

आत जाताना पाय आधी. समोरचा बाजूला सरकला की त्याच्या मागे जायचं नाही, त्याच्या वाटेत आडवं पाऊल टाकायचं, म्हणजे तो दोराकडे किंवा कोपऱ्याकडेच जाऊ शकतो. याला रिंग कापणं म्हणतात. पाऊल फूटभराचंच हवं, कारण लांब टाकलं तर पाय एका रेषेत येतात आणि साध्या जॅबनेही तोल जातो. मग जॅब उजव्या तळव्यावर झेलत डावीकडे झुकायचं. वजन डाव्या पायावर येतं आणि हूक आपोआप ताणला जातो. झुकणं आणि पाऊल एकाच तालात पडलं पाहिजे. आधी झुकलं आणि नंतर पाऊल टाकलं, तर मधल्या क्षणात समोरच्याचा उजवा येऊन बसतो.

चुकतं कुठे? समोरचा जॅब टाकून थांबलाच नाही, तर. जियार्डेलो जॅब टाकून अर्धं पाऊल बाजूला जायचा, आणि टायगर आत पोचलाच तर बगलेत हात अडकवून मिठी मारायचा. रेफ्री सोडवणार, की अंतर परत पहिल्यासारखं. पंधरा फेऱ्या हे केलं की हूकवाल्याचे चांगले ठोसे मोजून उरतात. आर्चरनेही हेच केलं, तेही विभागलेल्या निर्णयावर, म्हणजे तिघांपैकी एकाच्या कागदावर टायगर जिंकलेला होता.

पण खवचट, तुम्ही एक लढत गाळली. २१ ऑक्टोबर १९६५, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, तोच जियार्डेलो, तेच सरकणं. टायगरने पंधरा फेऱ्या एकमताने जिंकल्या. मांजराने उंदीर पकडला की तो मोजायचा नाही का?

---

खवचट

मोजतो. पण तेव्हा जियार्डेलो पस्तिशीचा होता आणि पट्टा मिळाल्यावर दोन वर्षांत बचाव एकच केला होता, रुबिन कार्टरविरुद्ध. पाय गेलेला सरकणारा पकडला.

---

डावा हूक

आणि टायगर तेव्हा ३६ वर्षांचा. पाय त्याचे काय कॅलाबारहून नवे मागवले होते?

---

वजनकाटा

दोघेही वजन विसरताय, आणि या कारकिर्दीची अर्धी किल्ली तिथे आहे.

मिडलवेटची मर्यादा १६० पौंड (७२.५७ किलो). लाइट हेवीची १७५ (७९.३८ किलो). मधला १६८ पौंडांचा सुपर मिडलवेट गट तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो १९८४ साली आला. टायगर हा हाडापेराने नेमका त्या मधल्या खाचेतला माणूस. टोरेसविरुद्ध तो १७५ ची मुभा असताना १६७ च्या आसपास भरला. फॉस्टरविरुद्धही १६८ च्या घरात. म्हणजे पोटभर जेवून, काहीही न उतरवता त्याचं लढण्याचं वजन हेच.

आता उलट बाजू. छत्तिशीत हाच माणूस १६० ला उतरवायचा. सात-आठ पौंड म्हणजे शेवटच्या आठवड्यात पाणी तोडणं. शरीरातलं पाणी कमी झालं की आधी जातात ते पाय, हात नाहीत. ठोसा तेवढाच जोरदार लागतो, पण आडवं पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडतं, आणि डावा हूक म्हणतात ते रिंग कापणं नेमकं तिथेच कोसळतं. एप्रिल १९६६ ला ग्रिफिथ १५०.५ पौंडांचा, मुळात वेल्टरवेट, म्हणजे खालच्या गटातला. त्याला पाणी तोडायचं कारणच नव्हतं. ताजे पाय विरुद्ध वाळवलेले पाय. त्याच वर्षी १६ डिसेंबरला, वजन न उतरवता, टायगरने स्वतःपेक्षा जड, उंच आणि सात वर्षांनी लहान टोरेसला पंधरा फेऱ्यांत एकमताने हरवलं.

आज तो जन्मला असता तर १६८ च्या गटात दहा-पंधरा बचाव करून निवृत्त झाला असता. मिडलवेट म्हणून त्याला मोजणं हीच मूळ गफलत.

---

हिशेबनीस

वजनकाटा, हे तुम्ही माझ्या बाजूने बोललात! मीही तेच म्हणतोय की *मिडलवेट* म्हणून तो पहिल्या दहात नाही. दोन्ही वजनांची मिळून यादी काढा, मी स्वतः त्याचं नाव लिहितो.

---

वजनकाटा

अर्धं तुमच्या बाजूने. शिक्षा वजनाला द्या, माणसाला नको, एवढंच.

---

नवखी

ग्रिफिथच्या लढतीबद्दल नेहमी वाचायला मिळतं की टायगरला लुटलं. आणि त्याच लढतीत तो खालीही पडला होता. दोन्ही खरं कसं?

---

गुणपत्रिका

दोन्ही खरं असू शकतं, कारण न्यूयॉर्कची तेव्हाची गुणपद्धत.

आज प्रत्येक फेरीला दहा गुण जिंकणाऱ्याला आणि नऊ हरणाऱ्याला. खाली पाडलं तर आठ. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रेफ्री आणि दोन जज फक्त *फेऱ्या* मोजायचे. फेरी याची, त्याची किंवा बरोबरीची. शेवटी ज्याच्या फेऱ्या जास्त तो विजेता. गुणांचा जोडहिशेब फेऱ्या समसमान झाल्या तरच काढायचे. म्हणजे नवव्या फेरीत ग्रिफिथने टायगरला खाली बसवलं, त्याची किंमत एक फेरी. आणि एखादी फेरी कुणी दोन जॅबच्या फरकाने घेतली असेल, तर तिचीही किंमत एक फेरी.

निकाल ग्रिफिथच्या बाजूने एकमताने लागला. रिंगजवळ बसलेल्या पत्रकारांपैकी बऱ्याच जणांच्या कागदावर टायगर पुढे होता. ‘लुटलं’ मी म्हणणार नाही. अरुंद फेऱ्या जास्त असल्या की असं होतंच. आणि टायगरच्या चाहत्यांना न आवडणारी गोष्ट: आजच्या पद्धतीने मोजलं तर त्या खाली पाडण्याचा एक जादा गुण ग्रिफिथलाच मिळाला असता.

याच्या उलट न्यू जर्सी. डिसेंबर १९६३ ची जियार्डेलो लढत अटलांटिक सिटीत झाली, आणि तिथे निर्णय एकट्या रेफ्रीचा: ८ फेऱ्या जियार्डेलो, ५ टायगर, २ बरोबरी. लिव्हरपूलहून सुटला आणि अटलांटिक सिटीत सापडला.

पण प्रत्येक वेळी तोच बळी नव्हता. मे १९६७ ला टोरेसविरुद्धची दुसरी लढत टायगरने विभागलेल्या निर्णयावर घेतली, आणि टोरेसच्या समर्थकांनी गार्डनमध्ये खुर्च्या-बाटल्या फेकल्या. त्या रात्री कागद त्याच्या बाजूचा होता.

---

खवचट

आता फॉस्टर. तिथे कुठला रेफ्री, कुठलं वजन?

---

डावा हूक

तिथे काही सबब नाही. २४ मे १९६८, चौथी फेरी, फॉस्टरचा डावा हूक. संपूर्ण कारकिर्दीत टायगर दहापर्यंत मोजला गेला तो एकदाच.

भूमितीच अशी होती की दुसरं काही व्हायला चमत्कार लागला असता. फॉस्टर ६ फूट ३ इंच, हातांचा पसारा ७९ इंच. टायगर ५ फूट ८, पसारा ७१. वर मी जॅब उजव्या तळव्यावर झेलायचं सांगितलं. फॉस्टरसारख्या माणसाविरुद्ध नेमकी तीच सवय जीवघेणी. त्याचा जॅब आणि त्याचा हूक एकाच हातातून, एकाच खांद्याच्या हालचालीतून सुटायचे. जॅब समजून तळवा पुढे गेला की उजवं गालफड उघडं पडतं आणि तोच हात कोपरात वाकून बाहेरून येतो. आखूड माणसाकडून आला तर निदान तो जवळ असतो, तुम्हीही मारू शकता. हा मात्र तुमच्या पल्ल्याबाहेर उभा राहून मारतो.

फॉस्टरने एकूण ५६ विजयांतले ४६ नॉकआउटने मिळवले. यादीत टायगर एकटा नाही.

---

नवखी

पण तेव्हा बियाफ्राचं युद्ध चालू होतं ना? अर्धं चित्त तिकडे असणारच.

---

डावा हूक

होतंच. ३० मे १९६७ ला पूर्व नायजेरियाने बियाफ्रा म्हणून स्वातंत्र्य जाहीर केलं, जुलैत युद्ध पेटलं. टायगर उघडपणे बियाफ्राच्या बाजूने उभा राहिला, त्यांच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून सैनिकांच्या शारीरिक शिक्षणाचं काम केलं. बायकामुलं तिकडे, आणि बॉक्सिंगच्या पैशातून लागोसला घेतलेली मालमत्ता हातची गेली. मे १९६८ मध्येच बियाफ्राचं पोर्ट हारकोर्ट फेडरल (नायजेरियाच्या केंद्र सरकारच्या) फौजांच्या हाती पडलं. फॉस्टरची लढत घेण्यामागे एक लाख डॉलरची हमी होती, आणि त्याला तेव्हा पैशाची गरज किती होती ते वेगळं सांगायला नको. सरावाचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

---

हिशेबनीस

इथे मी डावा हूक यांना अडवणार. त्यांनीच आधी ‘सबब नाही’ म्हटलं आणि आता सबब सांगतायत.

तारखा लावा. युद्ध पेटल्यावर नोव्हेंबर १९६७ ला लास व्हेगसमध्ये रॉजर राउसला बाराव्या फेरीत थांबवलं. सप्टेंबर १९६८ ला आबा, म्हणजे त्याचं स्वतःचं शहर, फेडरल सैन्याने घेतलं. आणि ऑक्टोबर १९६८ ला त्याने फ्रँक डीपॉलाला हरवलं, जी लढत ‘द रिंग’ने वर्षातली सर्वोत्तम ठरवली. दोघेही दोन-दोनदा खाली पडले होते. मे १९६९ ला बेनवेनुतीला दहा फेऱ्यांत हरवलं. युद्ध चालूच होतं. जर युद्धामुळे तो फॉस्टरकडून हरला, तर त्याच युद्धात डीपॉला आणि बेनवेनुतीविरुद्ध कसा जिंकला? माणसाच्या यातनांचा मान ठेवा, पण त्या गुणपत्रिकेत घालू नका. त्याच्यावरही ते अन्यायाचंच होईल, कारण त्याने स्वतः त्यांना रिंगमध्ये आणलं नाही.

---

खवचट

बेनवेनुतीचा उजवा हात पहिल्याच फेरीत दुखावला होता, हेही लिहा. म्हणजे तुमचं उदाहरण थोडं पातळ होतं.

---

हिशेबनीस

लिहिलं. तरी नऊ फेऱ्या एका हाताच्या मिडलवेट विश्वविजेत्याविरुद्ध एकोणचाळिसाव्या वर्षी. पातळ आहे, पाणी नाही.

---

डावा हूक

हरकत मान्य. फॉस्टरच्या हारीतून युद्ध काढून टाकतो. फॉस्टरने त्याला शांततेतही हरवलं असतं.

पण युद्धाचा परिणाम दुसरीकडे दिसतो, तिथे मी हटणार नाही: तो *का* लढत राहिला. जुलै १९७० ला ग्रिफिथविरुद्धची शेवटची लढत, दहा फेऱ्या, चाळिशी संपत आलेली. तुमच्या १९ मधली ती एकोणिसावी. युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं, बियाफ्रा राहिला नाही, मालमत्ता राहिली नाही. डिसेंबर १९६९ मध्ये त्याने १९६३ साली मिळालेला एमबीईचा ब्रिटिश किताब ब्रिटिश वकिलातीकडे परत पाठवला होता, ब्रिटन फेडरल सरकारला शस्त्रं देतं म्हणून. लढती संपल्यावर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पहारेकऱ्याची नोकरी. ज्याच्या गाठीला पैसा असता, तो १९६९ ला बेनवेनुतीवर थांबला असता आणि ग्रिफिथची दुसरी हार घडलीच नसती.

---

वजनकाटा

आणि इबादान कुठे गेलं? १० ऑगस्ट १९६३, लिबर्टी स्टेडियम. नायजेरियातली ही पहिली जागतिक विजेतेपदाची लढत. ही काही आपोआप घडली नाही. अमेरिकी आव्हानवीराला एवढ्या लांब आणायचं तर त्याच्या मानधनाची हमी आधी हवी, आणि ती खासगी प्रवर्तकाच्या खिशातून निघण्यासारखी नव्हती. लंडनचा जॅक सोलोमन्स प्रवर्तक असला तरी मागे नायजेरियाचं सरकार उभं होतं. स्वातंत्र्य मिळून तीनही वर्षं झाली नव्हती. लढत उघड्या मैदानावर, ऑगस्ट म्हणजे तिथला पावसाळा. ओलसर कॅनव्हासवर पाय घसरतात, आणि घसरणाऱ्या कॅनव्हासवर सरकणाऱ्यापेक्षा पाय रोवून उभ्या राहणाऱ्याला फायदा. फुलमरच्या भुवया आधीच फाटणाऱ्या, डोळे सुजत गेले, आणि सातव्यानंतर त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली. फुलमर परत कधीच लढला नाही.

हिशेबनीस, तुम्ही ‘पुन्हा फुलमरच’ असं नाक मुरडून लिहिलंत. फुलमर हा रॉबिन्सन आणि बॅसिलिओ या दोघांना हरवलेला माणूस. त्याला तीन लढतींत एकदाही न हरता निवृत्त करणं हा बचाव एकच असला तरी वजनदार आहे.

---

हिशेबनीस

ठीक. सुधारित मत असं: १९ चा आकडा मी मागे घेतो, गुणपत्रिकांनी तो नीट फोडून दाखवला. फॉस्टर मुळातच मिडलवेटच्या हिशेबात येत नाही. पण बचावांचा मुद्दा अजून कुणी पाडलेला नाही. जियार्डेलोशी चार लढती, दोन-दोन. ग्रिफिथशी दोन, शून्य-दोन. तो पहिल्या दहात आणि ग्रिफिथ बाहेर, हे कुठल्या तर्काने? आणि टायगरला आत घ्यायचं तर बाहेर कुणाला काढणार? नाव घ्या.

---

डावा हूक

नाव घेतो: टोनी झेल.

तुमच्याच फुटपट्टीने. झेल नोव्हेंबर १९४१ ला निर्विवाद विजेता झाला. मग युद्ध, नौदल, विजेतेपद गोठवलेलं. १९४६ ला ग्राझियानोला हरवलं, १९४७ ला त्याच्याकडून हरला, १९४८ ला परत हरवलं आणि साडेतीन महिन्यांत सेर्दानकडून हरला. निर्विवाद विजेता म्हणून यशस्वी बचाव एक, तोही ज्याच्याशी पुढे आणखी दोनदा लढला त्याच माणसाविरुद्ध. टायगरला फुलमर, झेलला ग्राझियानो. झेलची ती चार वर्षं आपण सहानुभूतीने त्याच्या खात्यावर धरतो. टायगरची पहिली तेहतीस मात्र कुणी धरत नाही.

---

खवचट

झेलच्या चाहत्यांना झोपेतून उठवू नका हो. रात्र वैऱ्याची आहे.

---

हिशेबनीस

डावा हूक, ‘निर्विवाद’ हा शब्द सोयीने घातलात. त्याआधी १९४१ मध्येच झेलने एनबीएच्या (अमेरिकेतल्या नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनच्या) पट्ट्याचे मॅमाकोस आणि हॉस्टाकविरुद्ध दोन बचाव केले आहेत. ते धरायचे तर तीन झाले. नाही धरायचे म्हणत असाल तर टायगरने ऑक्टोबर १९६२ ला घेतलेला पट्टाही एका संघटनेचाच होता, दुसरीकडे पेंडर बसला होता. पेंडर १९६३ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा कुठे इबादानची लढत सगळ्यांच्या लेखी झाली. म्हणजे तुमच्या नियमाने व्हेगसची बरोबरी बचावात धरता येत नाही, आणि टायगरकडे एकच उरतो.

आधी नियम ठरवा, मग झेलचा वेगळा धागा काढतो.